सोलापुरात राहून लडाखमधल्या खारदुंग ला चॅलेंजची (72 किमी धावण्याची शर्यत) तयारी होईल का?

पायांची होईल, विरळ हवेची नाही. सोलापूर जेमतेम 460 मीटरवर, वाटेतली खारदुंग ला खिंड सुमारे 5,360 वर. तिथे हवेचा दाब इथल्या निम्म्याहून थोडाच जास्त. सिद्धेश्वर तलावाभोवती कितीही फेऱ्या मारा, विरळ हवेची सवय लेहला जाऊनच लागते. दोन आठवडे आधी पोहोचा, पहिले दोन दिवस नुसते लोळा. शर्यतीत डोकं ठणकलं, मळमळलं, तोल जायला लागला तर पदक गेलं खड्ड्यात, सरळ खाली उतरा.

इथे असेपर्यंत तुळजापूरचा घाट सोडू नका. चढताना छोटी पावलं. उतरताना मांड्या पेटतात, खरी तालीम तीच. आणि कडक भाकरी, शेंगा चटणी न्याच! उंचीवर बऱ्याच जणांना गोड एनर्जी जेल (धावताना ताकदीसाठी खायची घट्ट साखरपेस्ट) घशाखाली उतरत नाही.