शेतकऱ्यांना पर्यावरणपूरक तंत्रज्ञान स्वीकारायला कशाने प्रोत्साहन मिळतं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या गटाने गावात व्याख्यानं ठेवली, पत्रकं वाटली, तरी लोक उसाचं पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात उरलेला वाळका पाला, पेटवतातच. मग शेतकरी वळतो तरी कशाने? मी कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातला, घरची शेती आहे आणि ऊस विकासाच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत. म्हणून तुमच्याच उदाहरणापासून सुरू करतो.

पाचट जाळल्याने जमिनीचं नुकसान होतं हे शेतकऱ्याला माहीत नाही, असं धरून बोलायला गेलात की तिथंच गाडं अडतं. त्याला माहीत असतं. पण तोड संपते त्या आठवड्यात त्याच्यापुढे काय असतं ते बघा. तोडणीची टोळी पुढच्या फडात गेलेली, रानात गुडघाभर पाचट, आणि खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडातून फुटणाऱ्या पुढच्या पिकाला) पाणी द्यायची घाई. पाचट राहिलं तर सरीतून पाणी पुढे सरकत नाही, औत चालत नाही, बगला फोडता (सरीच्या बाजू नांगरून मोकळ्या करता) येत नाहीत. हाताने सरीत दाबायचं तर माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. शेजाऱ्याने त्याचं पेटवलं आणि ठिणगी आपल्या रानात आली तर, ही धास्ती वेगळीच. उलट एक काडी ओढली की तासाभरात रान मोकळं. तुमच्या सल्ल्याची स्पर्धा अज्ञानाशी नाही, त्या काडीशी आहे.

आमच्याकडे ज्यांनी जाळणं सोडलं, त्यांच्यातल्या बहुतेकांना दोन गोष्टींनी हात दिला. एक म्हणजे ट्रॅक्टरमागे चालणारं पाचट कुट्टी यंत्र. भाड्याने मिळू लागलं तसं पाचट बारीक होऊन सरीत बसायला लागलं आणि पाण्याची अडचण बरीच कमी झाली. दुसरी गोष्ट पहार. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राने खोडव्यासाठी जी पद्धत सांगितली, तिच्यात बगला फोडायच्याच नाहीत. बुडखे (तोडलेल्या उसाची खुंटं) जमिनीलगत छाटायचे, त्यांच्यावरचं पाचट बाजूला सारायचं, आणि बुडख्यापासून 10-15 सेंटिमीटर अंतरावर पहारीने खोल भोक पाडून खत द्यायचं. एकदा पंधरा दिवसांच्या आत आणि दुसऱ्यांदा साधारण 130 ते 135 दिवसांनी, बस. नांगरट नाही, मोठी बांधणी नाही, भांगलणही (खुरपणी) फार कमी. हे ऐकल्यावर शेतकरी कान टवकारतो, कारण त्यात त्याचा खर्च आणि राबणूक वाचते. हेक्टरी आठ-दहा टन पाचट जमिनीत गेलं आणि सेंद्रिय कर्ब वाढला, हा फायदा त्याच्या मागून येतो.

पण इथंही एक खिंड आहे, आणि बरेचजण तिथूनच माघारी फिरतात. पाचट ठेवलेला खोडवा पहिल्या महिना-दीड महिन्यात पिवळट दिसतो. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र जेमतेम अर्धा टक्का, त्यामुळे ते कुजवणारे जिवाणू सुरुवातीला जमिनीतलंच नत्र ओढून घेतात. शेजारी जाळलेल्या रानात फुटवे हिरवेगार, आणि आपल्यात ही कळा. येणारा-जाणारा बांधावर थांबून म्हणतो, "काय हे, खोडवा घालवलास की!" घरातलं कोणी बोललं नाही तरी चेहऱ्यावर दिसतं. यावर उपाय सोपा आहे: टनभर पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक. पण हे आधी सांगितलेलं नसेल आणि त्या आठवड्यात बांधावर कोणी आलं नाही, तर तो माणूस पुढच्या वर्षी पेटवतो आणि दहाजणांना सांगतोही की पाचटाने ऊस खुंटतो. त्याउलट तो टिकला तर मे महिन्यात पाचटाचा थर उचलून बघा. वर ऊन भाजून काढतंय आणि खाली माती ओली, भुसभुशीत, पांढरी मुळं वरपर्यंत आलेली. पाण्याची पाळी चार-सहा दिवस लांबली तरी तो ऊस मान टाकत नाही. हे ज्याने आपल्या रानात पाहिलं, त्याला पत्रक लागत नाही.

म्हणून माझं मत असं: शेतकरी तंत्रज्ञान घेतो ते याच हंगामातली त्याची एखादी अडचण सुटते म्हणून, आणि टिकवतो ते अवघड आठवड्यात ओळखीचं कोणीतरी सोबत उभं राहतं म्हणून. अनुदानाने वस्तू रानापर्यंत पोचते. ती पुढच्या वर्षी वापरात राहील की गोठ्यामागे पडेल, हे अनुदान ठरवत नाही.

ठिबकचंच घ्या. नाशिकची द्राक्षं, जळगावची केळी, सोलापूरचं डाळिंब, या पिकांत ठिबक पसरलं ते पाणीच कमी होतं आणि मालाला रोख पैसा होता म्हणून. उसात मात्र 2017 साली राज्य सरकारने टप्प्याटप्प्याने सक्तीचा निर्णय घेतला, तरी कालव्याखाली गाडी रखडत चालली. कारण सरळ आहे. कालव्याचं पाणी आवर्तनाने, म्हणजे ठरावीक दिवसांच्या अंतराने, येतं, ठिबकला ते रोज थोडं थोडं लागतं. मधे साठवायला शेततळं किंवा विहीर नसेल तर नळ्या कोरड्याच राहणार. त्यात पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी क्षेत्रावर, मग वाचवलेल्या पाण्याचं मोल त्याच्या खिशात दिसत नाही. अनुदान चांगलं आहे, राज्याची पूरक योजना धरून अल्पभूधारकाला 80 टक्के आणि इतरांना 75. पण संच आधी पदरचे पैसे घालून बसवायचा आणि अनुदान मागाहून खात्यावर यायचं. ज्याच्याकडे आधी घालायला पैसे नाहीत, त्याला ते 80 टक्के कागदावरच. सामाईक विहीर आणि सातबाऱ्यावर पाच भावांची नावं असली की संमतीपत्रातच वर्ष जातं.

बाजाराचा धक्का कधीकधी सगळ्यांपेक्षा जास्त काम करतो. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले, कंटेनर अडकले आणि बागायतदार पार हबकले. त्यानंतर कोणतं औषध, किती, काढणीआधी किती दिवस, याचा हिशोब निर्यातीच्या बागांत फार काटेकोरपणे ठेवला जाऊ लागला. माल नाकारला जाऊ शकतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

कष्ट कमी होणं ही प्रेरणा तर आपण फारच कमी लेखतो. नेरळच्या सगुणा बागेतून पुढे आलेल्या एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धतीत भाताला चिखलणी नाही, लावणी नाही. कायमच्या गादीवाफ्यावर टोकण. मातीची धूप थांबते हे खरंच, पण पावसात दिवसभर कंबर मोडून लावणी करणाऱ्या बाईला विचारा तिला काय आवडलं. तणनाशकावरचा भर मला खटकतो, तो कमी करायला हवा, पण ती पसरण्यामागचं कारण समजून घ्यायला हवं. सौर पंपाचंही तेच. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने 10 टक्के हिस्सा भरायचा आणि दिवसा पाणी; रात्री बिबट्या-सापाच्या भीतीत दारं धरायला (पिकाला पाणी वळवायला) जाणं थांबतं. मात्र फुकटच्या उन्हावर पंप दिवसभर चालू राहिला तर विहिरी आटतील. म्हणून सौर पंप आणि ठिबक जोडीनेच द्यावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता तुमच्या गटाने काय करावं? व्याख्यानं थांबवा. तोड सुरू व्हायच्या आधी कुट्टी यंत्र गावात भाड्याने कोणाकडे मिळेल ते पक्कं करा, गटाने मिळून एक घेता आलं तर उत्तमच. ज्याच्या शब्दाला भावकीत मान आहे आणि ज्याचं रान रस्त्याकडेला आहे, अशा दोघा-तिघांचा अर्धा-अर्धा एकर खोडवाच फक्त मागा, बाकीचं त्यांना हवं तसं करू द्या. युरिया, सुपर फॉस्फेट आणि संवर्धक आधीच घरी पोचवा. लागून रान असलेल्यांशी बोलून ठेवा, म्हणजे आग लागणार नाही. पिवळेपणा दिसेल त्या दिवसांत आठवड्याला एक फेरी माराच, फोनवर भागवू नका. खंडाने रान करणाऱ्यांनाही सोडू नका. वर्षाच्या बोलीवर रान घेतलेला माणूस पुढच्याची जमीन का सुधारेल? त्याच्या मालकाला गाठा आणि निदान दोन खोडवे निघेपर्यंत रान त्याच्याकडे ठेवायचा शब्द घ्या. आमच्याकडे असा शब्द मिळाला तिथे खंडकऱ्यांनीही पाचट ठेवलं.