पार्लरचं लायसन नेमकं कुणाला लागतं?

प्रश्न : निपाणीच्या बाजारपेठेत माझं जेन्ट्स सलून आहे, वडिलांच्या वेळचं. मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली. तिला लेडीज पार्लर घालायचं आहे. घराच्या माडीवरची खोली रिकामीच आहे. कोल्हापूरच्या एका क्लासनं 85 हजार फी सांगितली. ‘आमचं लायसन सर्टिफिकेट असल्याशिवाय कर्नाटकात पार्लर उघडता येत नाही, 5 हजार भरून सीट धरून ठेवा’ असं ते म्हणतात. ओळखीचे एकजण उलटं सांगतात, की महाराष्ट्रातलं सर्टिफिकेट इकडं चालतच नाही. मेहुण्याची मुलगी अमेरिकेत असते. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिकडं परीक्षा दिल्याशिवाय कात्रीला हात लावता येत नाही. कुणाचं खरं मानावं? आणि पोरीनं पुन्हा याच धंद्यात यावं का, हेही मनात येतं.
– एक वडील, निपाणी

उत्तर : नमस्कार. ते 5 हजार अजून दिले नसतील तर तूर्त देऊ नका.

केस कापायला, भुवया कोरायला, फेशियल करायला माणसाच्या नावावर सरकारी परवाना हवा, असा कायदा कर्नाटकात नाही, महाराष्ट्रातही नाही. तुमच्या वडिलांनी वस्तरा हातात घेतला तेव्हा त्यांना कुणी कागद विचारला नव्हता, आणि तुमच्या लेकीलाही कुणी विचारणार नाही. अमेरिकेतली भाची खोटं बोलत नाही. तिथं प्रत्येक राज्य कारागिराला स्वतंत्र परवाना देतं. न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी 1000 तासांचं शिक्षण लागतं आणि वर परीक्षा. तिकडचा नियम इकडं चिकटवून क्लासवाले फी वसूल करतात, एवढाच त्या ‘लायसन सर्टिफिकेट’चा अर्थ. खासगी क्लास कोर्स पुरा केल्याचा दाखला देऊ शकतो. परवाना द्यायचा अधिकार त्याला नाही.

आपल्याकडं परवाना लागतो तो दुकानाला, आणि तो कोल्हापुरात नव्हे तर तुमच्याच नगरपालिकेत मिळतो. ट्रेड लायसन तुमच्या सलूनचं असेलच, मात्र ते बाजारातल्या जागेचं. माडीवरच्या खोलीसाठी मुलीच्या नावानं वेगळा अर्ज करा. घरफाळ्याची चालू पावती, जागा तुमच्या नावावर असल्यानं तुमचं संमतीपत्र आणि तिचं आधार एवढी तयारी ठेवून जा. नूतनीकरण मार्चअखेरीच्या आधी उरकायचं. निपाणीसारख्या गावांना कर्नाटकचा 1964 चा नगरपालिका कायदा लागतो, बेळगाव शहराला 1976 चा महानगरपालिका कायदा, आणि खेड्यात असाल तर ग्रामपंचायत गाठायची. दुसरा कागद कामगार खात्याचा. आपण त्याला सरसकट लेबर लायसन म्हणतो. ती 1961 च्या दुकान कायद्याखालची नोंद असते. कोगनोळी नाक्याच्या पलीकडं कायदा वेगळा आहे. महाराष्ट्रात 2017 च्या कायद्यानं कामगार थोडे असतील तर नुसती सूचना दिली की भागतं. त्यामुळं कागल-कोल्हापूरचे पाहुणे ‘काही लागत नाही हो’ म्हणतील, ते तुमच्या उपयोगाचं नाही. बँकेत कर्जाला गेलात की हे दोन्ही कागद मागतात.

माडीवरच्या खोलीत एक मेख आहे, विजेची. घरच्या मीटरवर तुम्हाला कर्नाटक सरकारच्या गृहज्योतीचा लाभ मिळत असणार, 200 युनिटपर्यंतच्या मोफत विजेचा. ती सवलत घरगुती वापराची. त्याच मीटरवर ड्रायर, स्टीमर, वॅक्स हीटर चालवले आणि हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, माणसानं पाहिलं, तर सवलतही धोक्यात आणि दंड वेगळा. खोलीपुरतं व्यावसायिक कनेक्शन आधी घ्या, आरसे नंतर लावा.

जीएसटीच्या भानगडीत आत्ता पडू नका. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे तोवर सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. सलूनच्या सेवांवरचा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्क्यांवरून 5 वर आला, पण तो नोंदणी असलेल्यांचा विषय. हे मुद्दाम सांगतोय, कारण काही एजंट ‘सगळे पेपर करून देतो’ म्हणत घरातल्या कुणाच्या तरी नावावर जीएसटी नंबर काढून ठेवतात. तो तुमच्या किंवा तुमच्या मंडळींच्या नावावर निघाला आणि रिटर्न भरायला सुरुवात झाली, की मंडळींना सरकारकडून मिळणारे गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2 हजार बंद होतात.

बोर्डाचंही आत्ताच सांगतो. कर्नाटकच्या कन्नड भाषेच्या कायद्यात 2024 साली झालेल्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या फलकावर 60 टक्के जागा कन्नडला द्यावी लागते, तीही वरच्या बाजूला. खाली मराठी लिहायला अडचण नाही. या विषयावर आपली मतं काय ती असोत, नोटीस दुकानदाराच्या नावानं येते. पेंटरला माप आधीच द्या. फ्लेक्स दोनदा छापण्यात पैसे घालवलेली दुकानं आपल्या भागात थोडी नाहीत.

आता सर्टिफिकेट. महाराष्ट्रातलं इकडं चालत नाही म्हणणाऱ्या तुमच्या ओळखीच्यांचं अर्धंच खरं आहे. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजी हा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पास मुलींसाठी. तो केला की केंद्र सरकारचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. ते कोल्हापूरला घेतलं काय आणि बेळगावला घेतलं काय, देशभर तेच. दुसरा रस्ता ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलच्या कोर्सचा. असिस्टंट ब्युटी थेरपिस्ट, हेअर स्टायलिस्ट अशी त्यांची नावं असतात, आणि तेही राज्याच्या हद्दीवर अडत नाहीत. कोल्हापूरच्या क्लासला एकच विचारा : शेवटी परीक्षा कोण घेणार आणि दाखल्यावर शिक्का कुणाचा? ‘आमचाच, इंटरनॅशनल’ असं उत्तर आलं तर 85 हजार कशाचे ते समजून घ्या. सोनेरी कडेची लॅमिनेटेड सर्टिफिकेटं भिंतीवर चांगली दिसतात, पण गोव्याच्या हॉटेलातल्या स्पामध्ये नोकरी मागायला गेल्यावर ती कुणी हातात घेत नाही.

माझा कौल आयटीआयला आहे. सरकारी जागा मिळाली तर फी किरकोळ, आणि चिक्कोडी-बेळगावकडं रोज जायचं झालं तरी महिलांना सरकारी बस मोफत असलेल्या शक्ती योजनेत तिचं भाडं शून्य. वर्षभर थांबायची तयारी नसेल तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत चौकशी करा. 1982 साली कर्नाटकातल्या उजिरेला सुरू झालेल्या रुडसेटी या प्रशिक्षण संस्थेच्या धर्तीवर या संस्था बँका चालवतात. ब्युटी पार्लरचं साधारण महिन्याभराचं प्रशिक्षण, राहणं-जेवण धरून मोफत. तेवढ्यावर हात बसत नाही, मात्र हे काम आपल्याला जमेल का, हे कळतं.

कुठंही शिकली तरी पहिल्या आठवड्यात तिनं क्लासमध्ये काय बघायचं ते सांगतो. थ्रेडिंग करताना शिकवणाऱ्या बाई दोऱ्याचं टोक दातात धरतात की मानेला अडकवतात? वॅक्सची पट्टी एकदा पायाला लावून तीच पुन्हा डब्यात बुडवतात का? निळ्या दिव्याच्या कपाटात ठेवलं की हत्यार निर्जंतुक झालं, असं शिकवतात का? तसं होत नाही. ते कपाट स्वच्छ केलेली हत्यारं ठेवायला आहे. आधी साबणानं धुणं आणि जंतुनाशकात बुडवून ठेवणं चुकत नाही. रक्त आलेल्या ब्लेडमधून हेपटायटिस बी पसरतो, हे तुम्हाला सांगायला नको. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड तुम्ही वापरताच. हेअर डायच्या आधी कानामागं थोडा लावून 48 तास वाट पाहायची असते. लग्नाच्या घाईत हे कुणी करत नाही आणि मग नवरीचा चेहरा सुजतो. पीपीडी हे रसायन असलेल्या डायच्या खोक्यावर तशी सूचना छापणं कंपनीला बंधनकारक आहे, ते उगाच नाही.

आणि एक रेघ तिनं कधीच ओलांडायची नाही. बोटॉक्स, फिलर, गोरं होण्याचं ग्लुटाथायोनचं इंजेक्शन, सुई टोचायचं कुठलंही काम डॉक्टरचं. ‘एक दिवसाचा कोर्स, मशीन फ्री’ अशा जाहिराती मोबाइलवर येतील. पार्लरचं ट्रेड लायसन त्याला पुरत नाही, कर्नाटकात वैद्यकीय आस्थापनांचा 2007 चा कायदा वेगळा आहे. बिनलेबलची गोरेपणाची क्रीमही दुकानात ठेवू नये. त्यातल्या पुष्कळशांत स्टिरॉइड असतं, काहींत पारा. आधी चेहरा उजळतो, मग लाल होऊन सोलायला लागतो आणि गिऱ्हाईक तुमच्या दारात येऊन उभं राहतं.

पैशाचं बघताना पीएम विश्वकर्मा विसरू नका. 2023 साली आलेल्या या योजनेच्या 18 व्यवसायांत केशकर्तन आहे. हत्यारांसाठी 15 हजार, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500, नंतर 5 टक्क्यांनी आधी 1 लाख आणि पुढं 2 लाखांपर्यंत कर्ज. गोम अशी की एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, आणि नवरा-बायको व अविवाहित मुलं मिळून ते एक कुटुंब धरतात. तुम्ही अर्ज केलात तर लेकीचा रस्ता बंद. सध्या दुकान तुम्ही चालवता, धंद्याचा पुरावा तुमच्याकडं आहे, तेव्हा अर्ज तुम्हीच करावा आणि तिनं नंतर मुद्राच्या शिशू गटातून, म्हणजे 50 हजारांपर्यंत, सुरुवात करावी असं मला वाटतं.

याच धंद्यात यावं का, असं तुम्ही विचारलंत. आपल्या समाजातल्या बापाच्या मनात हे का येतं ते मी जाणतो. पिढ्यान् पिढ्या ‘न्हाव्याचं पोर’ म्हणून ऐकलेलं असतं. पण निपाणीतल्या कुठल्याही पार्लरात बघा, सगळ्या जातींच्या मुली हे काम फी भरून शिकतायत. तुमची लेक जे लहानपणापासून दुकानात बसून पाहत आली, गिऱ्हाईक खुर्चीत बसताच त्याचा मूड ओळखणं, बडबड्याला ऐकून घेणं, उधारी हसतहसत वसूल करणं, ते 85 हजारांत कुणी शिकवत नाही. मला तिची एकच बाजू कच्ची दिसते, ती कन्नडची. शाळेत जेवढं झालं तेवढ्यावर अर्ज भरणं आणि इन्स्पेक्टरशी बोलणं जड जातं. वर्षभरात तेवढं पक्कं करून घ्या.

आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर सुरू होतात. यादी लागेपर्यंत कोल्हापूरवाल्यांना ‘कळवतो’ म्हणा. तिथंच जायचं ठरलं, तर फी हप्त्यानं द्या, पावती घ्या, आणि सोडल्यास किती पैसे परत ते त्या पावतीवरच लिहून मागा.