पाचव्या महिन्यात मलेरिया निघाला, ताप उतरल्यावर गोळ्या थांबवल्या तर चालेल का?

नाही. कोर्स पूर्ण करा. पत्नीचा ताप दोन दिवसांत उतरला आणि घरचे म्हणतायत "आता बाळावर कशाला औषधांचा मारा", असं तुम्ही लिहिलंय. हेच वाक्य माझ्या थोरल्या जाऊबाई मला आजतागायत ऐकवतात, म्हणून लिहायला बसले.

मला सहाव्या महिन्यात फॅल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा जास्त घातक प्रकार, झाला होता. बोटातलं रक्त तपासलं, निगेटिव्ह. घरात सगळे निर्धास्त, व्हायरल असेल म्हणून. डॉक्टरांना काही पटेना. त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा स्मिअर (काचेवर रक्ताचा थेंब पसरून करायची तपासणी) काढायला लावला आणि तेव्हा सापडला. तोवर हिमोग्लोबिन पार खाली गेलेलं. ॲडमिट केलं, शिरेतून आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध सुरू झालं. त्याच रात्री मला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. उशाशी जाऊबाई. म्हणाल्या, "घाम आला, ताप उतरतोय, झोपू दे तिला." सिस्टरनी बोटाला सुई टोचली तर साखर पन्नासच्या खाली! लगेच ग्लुकोज चढवलं. गरोदरपणातल्या फॅल्सिपेरममध्ये साखर अशी अचानक पडते, क्विनीन हे मलेरियाचं जुनं औषध चालू असेल तर आणखीच. पत्नीला घाम सुटून ती गुंगीत वाटली तर ताप उतरला म्हणून खूश होऊ नका, साखर तपासा.

मुलगी दिवस भरून झाली, पण २.१ किलोची. जाऊबाईंचा निकाल तयारच होता: "गोळ्यांनी पोर वाळली." अहो, गोळ्यांनी कशी वाळेल? फॅल्सिपेरमचे जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी वारेत जाऊन चिकटून बसतात. म्हणून तर बोटाच्या रक्तात कधी कधी काही दिसत नाही. बाळाला मिळायचं पोषण आणि प्राणवायू तिथेच अडतो. वर आईचं रक्तही घटतं. मग बाळ अडीच किलोच्या आत राहतं किंवा दिवस भरायच्या आधीच जन्मतं. गर्भपात होतो, मूल पोटातच दगावतं. आणि पहिलटकरणीला धोका जास्त. माझी वार तपासायला पाठवली होती, तिच्यात मलेरियाचं काळपट रंगद्रव्य सापडलं. तो रिपोर्ट पुढे केला तर जाऊबाई म्हणतात, "कागदावर काय, काहीही छापतात." औषध नसतं तर मी आणि मुलगी दोघीही राहिलो नसतो, हे मात्र कुठल्याच कागदावर छापलेलं नाही.

तुम्ही गोळ्यांचं नाव दिलेलं नाही, म्हणून एवढं सांगते. प्रायमाक्विन गरोदरपणात देत नाहीत, डॉक्सीसायक्लिनही टाळतात. यांपैकी काही लिहून दिलं असेल तर आजच फोन करून विचारा. आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन पाचव्या महिन्यात चालतेच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती पहिल्या तीन महिन्यांतही द्यायला सांगितलं. व्हायव्हॅक्स, म्हणजे मलेरियाचा दुसरा प्रकार, निघाला असेल तर तो उलटतो. त्यासाठी बाळंतपणापर्यंत आठवड्याला एकदा क्लोरोक्विन देतात आणि प्रायमाक्विन नंतर, तेही जी-सिक्स-पीडी (तांबड्या पेशींतलं एक एन्झाइम) तपासून. डोस डॉक्टरांनाच विचारा, मी डॉक्टर नाही.

जन्मल्यावर महिन्याभरात बाळाला ताप आला, ते दूध ओढेनासं झालं, पिवळं किंवा पांढरंफटक दिसलं तर गरोदरपणात आईला मलेरिया होता हे बालरोगतज्ज्ञांना आधी सांगा. एवढ्या लहान बाळाच्या तापात मलेरिया चटकन कुणाच्या डोक्यात येत नाही.