कॅम बदलतोय, तर व्हॉल्व्ह स्प्रिंग मिळेल तेवढी कडक घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १.६ लिटर, चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, टर्बो नाही. गाडी रोजच्या वापराची, अधूनमधून ट्रॅकवर जाणारी. २८८ अंशांचे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) घ्यायचा विचार आहे, आणि सोबत बाजारातल्या सर्वांत कडक स्प्रिंगा लावल्या की काळजी मिटली का?

मी तरी २८८ घेणार नाही. आणि कडक स्प्रिंगेने काळजी मिटत नाही, वेगळी सुरू होते.

आधी कॅम. लोक अश्वशक्तीचा आकडा बघून कॅम निवडतात, तर बघायचं असतं इंजिन बहुतेक वेळ कुठल्या आरपीएमला फिरणार ते. तुमचं ते २००० ते ४५०० मध्येच फिरणार. ड्युरेशन, म्हणजे क्रँकच्या किती अंशांपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो ते (तुमचे २८८), वाढलं की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. पिस्टन तळाहून वर निघालेला असतो तरी व्हॉल्व्ह उघडाच. वरच्या आरपीएमला आत येणाऱ्या हवेला वेग असतो, ती पिस्टनला न जुमानता घुसत राहते आणि सिलिंडर चांगला भरतो. खालच्या आरपीएमला तो वेगच नसतो, त्यामुळे आलेली हवा पिस्टन उलट बाहेर ढकलतो. म्हणून मोठ्या कॅमची गाडी खाली मेल्यासारखी चालते आणि पाच हजाराच्या पुढे एकदम जागी होते. त्यात कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते ते) कंपनीचाच ठेवलात तर दुखणं आणखी वाढतं, कारण हवा खऱ्या अर्थाने दाबली जायला सुरुवात होते ती तो व्हॉल्व्ह मिटल्यावर. होंडाने १९८९ मध्ये व्हीटेक आणलं ते याच पेचातून सुटायला: खालच्या आरपीएमला छोटा लोब (कॅमवरचा उंचवटा), वरच्या आरपीएमला मोठा. तुमच्याकडे ती सोय नसेल तर एकाच लोबवर दोन्ही संसार चालवायचे आहेत.

माझं मत विचाराल तर २६४ च्या आसपास, फार तर २७२. पण हे आकडे जसेच्या तसे ताडून बघू नका. ड्युरेशन कुठल्या लिफ्टवर (व्हॉल्व्ह किती उचलला गेल्यावर) मोजलंय हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. व्हॉल्व्ह जेमतेम हलल्यावर मोजलं की २७२ दिसणारा लोब १ मिलिमीटर लिफ्टवर मोजला की तीस-चाळीस अंशांनी लहान दिसतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे ‘२७२’ म्हणूनच अगदी वेगळे निघू शकतात. स्पेक कार्ड (कॅमच्या मोजमापांचा तक्ता) मागा. ते देत नसतील तर त्यांचा कॅम घेऊ नका, इतकं सोपं.

ओव्हरलॅपचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी किती अंश उघडे राहतात याचा, हिशेब घरबसल्या होतो. इनटेक आणि एक्झॉस्टच्या ड्युरेशनची सरासरी काढा, त्यातून लोबच्या मध्यरेषांमधल्या कोनाची दुप्पट वजा करा. दोन्ही कॅम २७२ आणि कोन ११० असेल तर ओव्हरलॅप ५२ अंश. तेच २८८ ला ६८ होतो. इतका वेळ दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहिले की आयडलिंगला जळका वायू इनटेककडे परततो, इंजिन थरथरतं, मॅनिफोल्डमधला (हवा आत नेणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम घटतो. ती थरथर काहींना गोड वाटते, पण ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो हे लक्षात असू द्या. मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) चालणारा ईसीयूही, म्हणजे इंजिनचा संगणक, गोंधळतो, त्यामुळे ट्यूनिंगशिवाय कॅम बदलणं म्हणजे अर्धंच काम. तुमच्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्टचे दोन वेगळे कॅम असतील तर ॲडजस्टेबल पुली लावून हा कोन थोडाफार हलवता येतो, पण ड्युरेशन हलत नाही.

आता स्प्रिंग. तिचं काम व्हॉल्व्ह मिटवणं एवढंच समजलं जातं. खरी परीक्षा लोबच्या टोकापाशी असते. उघडताना कॅमने व्हॉल्व्हला जोरात ढकललेलं असतं. टोकावर तो वेग मोडून व्हॉल्व्ह परत वळवायचा असतो आणि हे काम एकटी स्प्रिंग करते. ती कमी पडली की टॅपेट (लोब आणि व्हॉल्व्हमधला भाग) लोब सोडून उडतं, व्हॉल्व्ह आपटत मिटतो, उसळून पुन्हा उघडतो. यालाच व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात. ६००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडमीट करतो. लागणारा जोर मात्र आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ६००० वरून ७००० ला गेलात तर सुमारे ३६ टक्के जास्त. म्हणून लिमिटर (आरपीएमची कमाल मर्यादा) वर न्यायचा असेल तर जुन्या स्प्रिंगांवर विसंबू नका, मग लिफ्ट कंपनीइतकीच असली तरी.

पण मग कडकच का नको? प्रत्येक जादा किलो लोब आणि टॅपेटच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर बसतो. घर्षण वाढतं, लोब झिजतात, टायमिंगच्या बेल्टवर किंवा चेनवर ताण येतो, हायड्रॉलिक टॅपेट असतील तर ते दबून जाऊ शकतात. समजा, व्हॉल्व्ह मिटलेला असताना दाब २५ किलो आणि स्प्रिंगचा दर मिलिमीटरला ४ किलो. १० मिलिमीटर लिफ्टला तो दाब ६५ किलो होतो. दर ६ असलेली ‘रेस’ स्प्रिंग त्याच जागी ८५ वर जाते, आणि तेवढ्याची गरज नसेल तर वरचे २० किलो फक्त झीज करतात. त्यापेक्षा वजन कमी करा. वर निमुळती होणारी बीहाइव्ह स्प्रिंग लहान, हलका रिटेनर (स्प्रिंगच्या वरची चकती) घेते, त्यामुळे कमी दाबातही जास्त आरपीएम पेलते. (स्प्रिंगची ही मर्यादा इतकी पक्की आहे की रेनोने १९८६ मध्ये फॉर्म्युला वनच्या इंजिनात तिच्या जागी दाबलेला वायू वापरला.)

कडकपणापेक्षा मी जास्त जपतो ते कॉइल बाइंडला, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबून वेटोळी एकमेकांना टेकण्याला. स्प्रिंगेची बसवलेली उंची ३४ मिलिमीटर आणि वेटोळी एकमेकांना टेकतात ती उंची २२.५ असेल तर हाताशी ११.५ मिलिमीटर उरतात. त्यातले दीडेक मिलिमीटर सुरक्षेसाठी राखले की लिफ्ट १० च्या पुढे नेता येत नाही. अशा हेडवर १०.५ लिफ्टचा कॅम बसवला तर राखीव अंतराला कात्री लागते, स्प्रिंग कितीही महाग असो. बसवलेली उंची प्रत्येक व्हॉल्व्हपाशी वेगळी मोजायची; व्हॉल्व्ह सीट पूर्वी ग्राइंड झाली असेल तर ती बदललेली असते, आणि शिम (पातळ चकती) टाकून ती सारखी करावी लागते. पूर्ण लिफ्टला रिटेनर व्हॉल्व्ह सीलवर आदळत नाही ना, हेही त्याच वेळी बघा. म्हणूनच कॅम बनवणारा जी स्प्रिंग सुचवतो ती रिटेनरसकट घेणं मला शहाणपणाचं वाटतं. कॅम एकाचा, स्प्रिंग दुसऱ्याची, रिटेनर तिसऱ्याचा असा मेळ जमतो, पण मोजमापं करणारा माणूस तेवढा चोख लागतो.

पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर हा मुद्दा फिटरवर सोडून देऊ नका. पिस्टन अगदी वर असतानाचं अंतर मोजून समाधान मानतात, पण सर्वांत जवळीक बहुधा त्याच्या दहाएक अंश आधी एक्झॉस्टची आणि दहाएक अंश नंतर इनटेकची होते. पिस्टनवर मऊ माती लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं, मग हेड काढून दबलेल्या मातीची जाडी मोजायची. इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर ही साधारण पाळली जाणारी मर्यादा. ॲडजस्टेबल पुली लावणार असाल तर ती जिथवर फिरवायची तिथवर हे तपासा. व्हेरिएबल टायमिंग असेल तर फेजर (कॅम पुढेमागे फिरवणारा भाग) दोन्ही टोकांना नेऊन.

जुने लोब घासून बनवलेले कॅम असतील तर त्यांचं बेस सर्कल (लोबचा गोल, न उचलणारा भाग) लहान असतं, म्हणजे टॅपेटखाली जाड शिम लागतील. त्या आधीच मागवून ठेवा, नाहीतर हेड उघडं पडून राहील. आणि सुरुवातीच्या काही शे किलोमीटरनंतर टॅपेट क्लिअरन्स (टॅपेट आणि लोबमधली फट) पुन्हा एकदा बघून घ्या.