वणव्याआधी घराभोवती काय करायचं?

प्रश्न: आमचं घर गोव्यात, सत्तरी तालुक्यात, काजूच्या बागायतीला अगदी लागून. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, नेव्हीची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती, तेव्हापासून उन्हाळा आला की धास्ती वाटते. आत्तापासून काय करू?

उत्तर: ताई, पहिलं काम छपरावरचं. कौलांवर आणि पन्हळीत पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, साचलेला असतो ना, तो आधी काढा, कारण घरं बऱ्याचदा ज्वाळेने नाही तर वाऱ्यावर उडून आलेल्या ठिणगीने पेटतात, आणि ती कौलाच्या फटीतून आत शिरली तर माळ्यावरचं जुनं सामान पेटेपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही. घराभोवती निदान 10 मीटर सुकं गवत ठेवू नका. चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या), जळाऊ लाकडं भिंतीला टेकवून ठेवलेली असतील तर आजच हलवा. गोळा केलेला पातेरा मात्र जाळू नका प्लीज, खड्ड्यात कुजवा, माडांना घाला!

आणि हे एकट्या घराचं काम नाही, शेजारच्या बागायतवाल्यांशी बोला, वाड्यावर सगळ्यांनी मिळून हद्दीवरचं गवत कापा आणि बंब आत येईल एवढा रस्ता मोकळा ठेवा. धूर दिसला की लगेच 101 किंवा 112 ला फोन करा, स्वतः विझवायला डोंगरावर चढू नका, आग चढावर फार झपाट्याने पळते.