‘सात वर्षं वाया गेली’ हे तिच्यासमोर बोलू नका

कोल्हापूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी चोवीस वर्षांची, पेठेतल्या पोरांबरोबर खेळत मोठी झाली, राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूची बचावपटू म्हणून गेली तीन वर्षं करारावर इंडियन विमेन्स लीग ही महिला फुटबॉलची स्पर्धा खेळते. फेब्रुवारीत गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं. पुढंमागं आपल्याला क्रीडा प्रसारणात जायचंय, कॉमेंट्री करायचीय, असं ती म्हणते. वडील लिहितात: ‘खेळात सात वर्षं वाया गेली. नाव झालं नाही, आवाजही साधा. पुण्यात सहा महिन्यांचा अँकरिंगचा कोर्स आहे, फी दीड लाख. भरू, की एमपीएससीला बसवू? नाहीतर स्थळं बघायला घेतो.’

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलीच्या भवितव्याची मला फारशी काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती ‘वाया गेली’ या शब्दांची. डॉक्टरांनी नऊ महिन्यांनी मैदानात उतरता येईल असं सांगितलंय, हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय. मग खेळ संपला हे ठरवलं कुणी? ती ‘पुढंमागं’ म्हणाली आणि तुम्ही ‘आता’ ऐकलंत.

या ऑपरेशननंतरचे पहिले आठवडे मी दोन-तीन खेळाडूंच्या घरी जाऊन बघितलेत. मांडीचा स्नायू इतका उतरतो की दोन पाय एकाच माणसाचे वाटत नाहीत. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबायचा, दहा मोजायचे, सोडायचा. एवढ्याशा व्यायामाला घाम फुटतो. रोज तेच, आणि फरक दिसतो तो महिन्यानं. अशा वेळी शेजारच्या खोलीतून स्थळांचं बोलणं कानावर आलं तर पोरीनं दहा मोजायचे कशासाठी? रागावू नका, पण तिच्या गुडघ्याइतकीच या बोलण्याचीही काळजी घ्यायला हवी.

आता नावाचं. इंग्लंडचा फुटबॉलपटू गॅरी लिनेकर, त्याच्यापेक्षा मोठं नाव कुठलं आणायचं? 1986 च्या विश्वचषकात सर्वाधिक 6 गोल त्याचे. तरी 1994 मध्ये निवृत्त झाल्यावर त्यानं रेडिओवर काम केलं, इतरांच्या कार्यक्रमांत पाहुणा तज्ज्ञ म्हणून बसला, आणि बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’ या फुटबॉलच्या कार्यक्रमाची सूत्रं 1999 मध्ये हाती आली. नावानं दार उघडलं असेल, पण काम त्यालाही शिकावंच लागलं.

तुमच्या मुलीनं मात्र अलेक्स स्कॉटकडं बघावं. तीही राइट बॅक, इंग्लंडसाठी 140 सामने खेळलेली. ती आर्सेनल या लंडनच्या क्लबकडून खेळायची. 2007 च्या युएफा विमेन्स कपची, म्हणजे युरोपातल्या महिला क्लबांच्या स्पर्धेची अंतिम लढत दोन सामन्यांची होती. पहिल्या सामन्यात, स्वीडनमध्ये उमेओ संघाविरुद्ध, इंज्युरी टाइममध्ये, म्हणजे शेवटच्या वाढीव मिनिटांत तिनं गोल मारला. दोन्ही सामन्यांत मिळून तेवढा एकच गोल झाला आणि आर्सेनल जिंकलं. याच आर्सेनलच्या लाँड्रीत पुरुषांच्या संघाचे कपडे धुण्याचं कामही तिनं केलंय, कारण बायकांच्या फुटबॉलवर तेव्हा भागत नव्हतं. खेळता खेळता तिनं स्टॅफर्डशर विद्यापीठातून क्रीडालेखन आणि प्रसारणाची पदवी घेतली. 2018 मध्ये निवृत्त झाली आणि त्याच उन्हाळ्यात पुरुषांच्या विश्वचषकासाठी बीबीसीच्या तज्ज्ञांमध्ये दिसली. 2021 मध्ये बीबीसीच्याच ‘फुटबॉल फोकस’ या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तिच्याकडं आलं. बाई फुटबॉलवर बोलते म्हणून सोशल मीडियावर तिला इतकी शिवीगाळ झाली की उपचार घ्यावे लागले, हेही तिनंच सांगितलंय. तुमच्या मुलीच्याही वाट्याला हे येऊ शकतं. तेव्हा घरातून काय ऐकू येतं, यावर बरंच अवलंबून राहील.

कॉमेंट्रीला भारदस्त आवाज लागतो, हा आपल्याकडचा जुना समज. रेडिओच्या काळात त्यात तथ्य होतं, दिसत नव्हतं ते आवाजानं दाखवावं लागायचं. टीव्हीवर चित्र समोर असतं आणि माइकपुढं बहुतेक वेळा दोघं बसलेली असतात. एकानं खेळ सांगत पुढं न्यायचा. दुसरी व्यक्ती खेळलेली असते, तिनं ‘का’ सांगायचं. समजा कॉर्नरवर गोल झाला. रिप्ले लागतो, पंधरा-वीस सेकंद हातात असतात. जवळच्या पोस्टला उभी असलेली डिफेंडर चेंडूकडंच बघत राहिली आणि तिच्या पाठीमागून स्ट्रायकर सुटली, हे तेवढ्यात सांगून व्हायला हवं. चेंडू सेंटरला ठेवला की गप्प. यात आवाजाचं काम थोडं आणि नजरेचं फार. तुमची मुलगी सात वर्षं त्याच पोस्टला उभी राहिलीय. तुम्ही वाया गेली म्हणता ती वर्षं हीच.

पण मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. मराठीत फुटबॉलचं पगारी समालोचन आज फार थोडं आहे. इंडियन सुपर लीगला, म्हणजे आयएसएल या पुरुषांच्या लीगला मल्याळम आणि बंगाली समालोचन मिळालं, कारण तिथं बघणारा वर्ग मोठा. 2025 मध्ये तर लीगच्या व्यावसायिक हक्कांच्या वादात अख्खी आयएसएलच लांबणीवर पडली. लीग थांबली की माइकही थांबतो. हे काम बरंचसं सामन्यागणिक मिळतं, त्यावर एकट्यावर घर चालेल असं मी म्हणणार नाही. हिंदी तिला घोटून घ्यावी लागेल, इंग्रजी कामापुरती तरी हवीच.

दीड लाख भरू नका. माहितीपत्रक तुम्ही जोडलंय म्हणून बघितलं. वृत्तनिवेदन आहे, मेकअप आहे, लग्नसमारंभाचं सूत्रसंचालनही आहे. सामना बघत बोलण्याचा एक तासही नाही. त्या पैशातून फिजिओचे पूर्ण महिने होतील.

तिनं सध्या एवढंच करावं. यूट्यूबवर लीगचा सामना लावायचा, आवाज बंद करायचा आणि पूर्वार्ध मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करायचा, एकदा मराठीत, एकदा हिंदीत. दुसऱ्या दिवशी ऐकायचं. जे पडद्यावर दिसतच होतं ते किती वेळा बोललो, आणि ‘का’ किती वेळा सांगितलं, याच्या खुणा वहीत करायच्या. पहिल्या दहा रेकॉर्डिंग तिला स्वतःलाच ऐकवणार नाहीत, तरी पुसू नयेत. गेल्या वर्षी तालीम मंडळाच्या फुटबॉल स्पर्धेत तिनं माइक धरला होता असं तुम्ही लिहिलंय, हंगाम सुरू झाला की पुन्हा धरावा. कोल्हापूरच्या ईर्षेच्या सामन्यात दोन्ही पेठांना पटेल असं बोलणं ही साधी परीक्षा नाही. बी.ए. दुसऱ्या वर्षात सुटलंय, ते यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून खेळ सांभाळून पूर्ण होईल. सरकारी नोकरीत खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणासाठी तिची प्रमाणपत्रं पात्र ठरतात का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून ठेवा. त्या वाटेला जायचं की नाही, हे मात्र तिनं सांगावं.

तुमच्या पत्रात तिचं स्वतःचं म्हणून एकच वाक्य आहे, तेही तुमच्या अक्षरात. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचायला मागू नका.