आलेख जुळत का नाही?

प्रश्न : मी एम.एस्सी. भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. एका शोधनिबंधातला ५५० नॅनोमीटरचा अरुंद पट्ट्याचा फिल्टर (काचेवरच्या पातळ थरांमुळे ठरावीक रंगाचाच प्रकाश जाऊ देणारा) पायथॉन या संगणकभाषेत उभा केला. थरांची जाडी तीच घेतली, तरी आलेखाचं शिखर तांबड्याकडे सरकतं आणि पारगमन (आरपार जाणारा प्रकाश) निबंधापेक्षा चारेक टक्के जास्त येतं. चूक कुठे असेल?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : आधी थरांतल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती मंदावतो तो आकडा) बघा, बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. थर कसा बसवला, काच किती तापवली, यावर तो साधारण २.२ ते २.५ असा बदलतो. ५८.५ नॅनोमीटरच्या थराचा अपवर्तनांक २.३५ धरला तर थर ५५०ला बरोबर पाव तरंगलांबीचा होतो, २.५० धरला की तोच ५८५चा. शिखर तांबड्याकडे जाणारच. निबंधात अपवर्तनांकाचा तक्ता नसेल तर लेखकांना सरळ मेल करून मागा. नुसत्या जाडीवरून फिल्टर पुन्हा उभा राहत नाही.

पारगमन वाढतं ते काचेच्या मागच्या बाजूमुळे. १.५२ अपवर्तनांकाची कोरी काच प्रत्येक पृष्ठाला ४.३ टक्के प्रकाश परतवते. मोजमापात हा तोटा येतो. कोडमध्ये काच अनंत जाड धरली की सुटतो. मात्र काच आणखी एक थर म्हणून घालू नका, आलेखावर खोट्या लाटा उठतात. तिथे दोन्ही पृष्ठांवरून येणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतांची बेरीज करायची.

कोड तपासायला काचेवर १.३८चा मॅग्नेशियम फ्लोराइडचा ९९.६ नॅनोमीटर थर द्या. काचेची मागची बाजू न धरता ५५०ला परावर्तन १.२६ टक्के आलंच पाहिजे. शोषण धरल्यावर परावर्तन आणि पारगमन मिळून १००च्या वर गेले, तर कोडमध्ये शोषणाचं अधिक-उणे चिन्ह उलटं पडलंय. तरंगलांबीची पायरी ०.१ नॅनोमीटर ठेवा. ५ ठेवली तर अरुंद शिखर निसटतं.